१९७१ च्या जीपमधील इंजिन आणि गिअरबॉक्सची अदलाबदल: अनुभव आणि एक प्रश्न

कोयनाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार. आमच्या घरी १९७१ ची महिंद्रा सीजे-३बी जीप आहे. वडिलांनी ती मूळ हरिकेन पेट्रोल इंजिनासह घेतली, १९९३ मध्ये तिच्यात डिझेल इंजिन बसवले आणि २००९ मध्ये गिअरबॉक्सही बदलला. मूळ इंजिन आणि मूळ गिअरबॉक्स आजही गोठ्याशेजारच्या खोलीत लाकडी ओंडक्यांवर ठेवलेले आहेत. ते पुन्हा गाडीत बसवावेत का, ही चर्चा सध्या घरात रोज होते आणि त्यासाठीच हा धागा काढत आहे. मात्र प्रश्न विचारण्याआधी दोन्ही वेळचा अनुभव सविस्तर सांगतो, कारण जुन्या गाडीत इंजिन बदलू पाहणारी बहुतेक माणसे ताकद आणि अ‍ॅव्हरेज विचारतात. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे एकमेकांना भेटतात त्या जागेची चौकशी सहसा कोणी करत नाही. आमची सोळा वर्षे त्याच जागेने खाल्ली.

हरिकेन हे २१९९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन. त्याचे इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतात. त्याच्या मागे टी-९० हा तीन गिअरचा बॉक्स आणि त्यामागे दोन वेगांचा ट्रान्सफर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा बॉक्स. इंजिन अतिशय गुणी होते, पण पेट्रोल भरपूर प्यायचे. त्या काळी पेट्रोल आणि डिझेलच्या दरांत एवढे अंतर होते की शेतीसाठी जीप वापरणाऱ्या आमच्या भागातील अनेकांनी डिझेलचा रस्ता धरला. वडिलांना अपघातात सापडलेल्या एका एमएम-५४० जीपचे प्यूजो घराण्यातील एक्सडीपी ४.९० इंजिन मिळाले. या नावातच त्याची ओळख आहे: चार सिलिंडर, ९० मिलिमीटर बोअर, ८३ मिलिमीटर स्ट्रोकसह ते २११२ सीसीचे होते. कागदावरची त्याची ताकद हरिकेनपेक्षा कमीच होती. म्हणजे हा बदल निव्वळ इंधनाच्या खर्चासाठी होता.

ज्या गॅरेजमध्ये काम दिले तिथल्या मिस्त्रींनी सांगितले की टी-९० उत्तम स्थितीत आहे, तो बदलण्याची गरज नाही. मध्ये एक ॲडॉप्टर प्लेट टाकून डिझेल इंजिन त्यालाच जोडू. प्लेट गॅसकटरने कापली गेली, भोके जुन्या बेल हाउसिंगवर (इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधल्या, क्लच झाकणाऱ्या कवचावर) ठेवून खुणा करून पाडली गेली आणि चार दिवसांत गाडी सुरू झाली. आरटीओत रीतसर अर्ज करून नोंदणीपुस्तकात डिझेलची नोंदही झाली. वडील खूश होते.

आठ महिन्यांनी कुंभार्ली घाट उतरताना गाडी दुसऱ्या गिअरमधून आपोआप बाहेर पडली. पुढे हे वारंवार होऊ लागले. गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचे बेअरिंग तीन वेळा गेले, क्लच प्लेटच्या मधल्या स्प्रिंगा दोनदा तुटल्या आणि प्रत्येक वेळी दोष टी-९० च्या वयावर टाकला गेला. २००९ मध्ये कोल्हापूरच्या उद्यमनगरातील एका अनुभवी टर्नरनी गिअरबॉक्स उतरवल्यावर क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) टोकातील, गिअरबॉक्सच्या शाफ्टचे टोक धरणारे पितळी पायलट बुश बाहेर काढले आणि आमच्या हातात दिले. ते अंड्यासारखे लांबट झिजले होते. मग त्यांनी फ्लायव्हीलवर डायल गेज (काट्याने बारीक फरक दाखवणारे मोजमापाचे साधन) बसवला, त्याचे टोक बेल हाउसिंगच्या मोठ्या भोकाच्या आतल्या कडेला टेकवले आणि पान्याने इंजिन सावकाश एक फेरी फिरवले. वडील शेजारी उभे राहून काट्याचे आकडे मोठ्याने वाचत होते. काटा बावीस थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) हलला. याचा अर्थ गिअरबॉक्सचे केंद्र क्रँकच्या केंद्रापासून अकरा थाऊ, म्हणजे सुमारे ०.२८ मिलिमीटर, सरकलेले होते. साध्या पोस्टकार्डाच्या जाडीएवढ्या या फरकाने सोळा वर्षे बेअरिंगे खाल्ली आणि टी-९० बिचारा विनाकारण बदनाम झाला.

त्याच वेळी एका भंगारात निघालेल्या एमएम-५४० मधून क्लच, बेल हाउसिंग, केएमटी-९० हा चार गिअरचा बॉक्स आणि ट्रान्सफर असा संपूर्ण संच मिळाला. इंजिन त्याच घराण्यातील असल्यामुळे ॲडॉप्टर प्लेट कायमची निघून गेली. गाडी तेव्हापासून आजपर्यंत तक्रार न करता चालते आहे.

आता प्रश्न. गाडीने वयाची पन्नास वर्षे ओलांडली आहेत आणि मुलगा म्हणतो की मूळ इंजिन व टी-९० परत बसवून तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी करावी. वडिलांचे वय एक्याऐंशी आहे. त्यांना डिझेलची सवय झाली आहे. जाणकारांनी तांत्रिक आणि कागदोपत्री दोन्ही बाजूंनी सल्ला द्यावा.

घडीवकाम

लेख वाचून बरे वाटले, कारण पाच मिनिटांची ही तपासणी निम्म्या गॅरेजांमध्ये कोणीच करत नाही. मी पंचवीस वर्षे लेथवर आहे आणि इंजिन बदलण्याच्या कामांतील ॲडॉप्टर प्लेटा करून देतो. त्यामुळे ज्यांना तयार संच मिळत नाही आणि प्लेट करावीच लागते, त्यांच्यासाठी कामाचा क्रम लिहून ठेवतो.

प्लेटची मापे जुन्या बेल हाउसिंगच्या बाहेरच्या कडेवरून कधीही घेऊ नयेत. ओतकामाच्या बाहेरच्या कडेला केंद्राशी काही देणेघेणे नसते. सर्व मापे क्रँकच्या केंद्रावरून निघाली पाहिजेत. प्लेट आधी इंजिनाच्या मागच्या तोंडावर बसवावी आणि बोल्टांच्या भोकांत थोडी मोकळीक ठेवावी. मग त्यावर बेल हाउसिंग चढवून डायल गेज लावावा आणि लाकडी हातोडीने हलके ठोके देत हाउसिंग केंद्रावर आणावे. पूर्ण फेरीत काटा पाच थाऊंच्या आत हलत असेल तर काम चांगले झाले. दहाच्या वर गेला तर पुढे जाऊच नये. केंद्र मिळाल्यावर बोल्ट आवळावेत आणि त्यानंतरच डॉवेल पिनांची भोके रीमरने करावीत. बोल्ट फक्त दाबून धरतो, जागा डॉवेल सांभाळते. आपल्याकडच्या बहुतेक प्लेटांत डॉवेलच नसतात, म्हणून गिअरबॉक्स प्रत्येक वेळी उतरवून चढवला की केंद्र नव्याने सरकते.

यानंतर गेजचे टोक भोकाच्या कडेवरून काढून हाउसिंगच्या सपाट तोंडावर टेकवावे आणि पुन्हा एक फेरी घ्यावी. केंद्र बरोबर असूनही तोंड तिरके असू शकते. गॅसकटरने कापलेली प्लेट उष्णतेने वाकलेली असते. तिची दोन्ही तोंडे मशीनवर समांतर केल्याशिवाय ती वापरणे म्हणजे काम दुसऱ्यांदा करण्याची तयारी ठेवणे होय.

प्लेटची जाडी हा वेगळा हिशेब आहे. प्लेट जेवढी जाड तेवढा गिअरबॉक्सचा शाफ्ट क्रँकपासून मागे जातो. शाफ्टचे पुढचे टोक पायलट बुशमध्ये पुरेसे शिरले नाही तर ते अधांतरी फिरते, आणि जास्त शिरले तर क्रँकला टेकून थ्रस्ट बेअरिंग खाते. म्हणून शाफ्टच्या टोकाला मातीचा किंवा मेणाचा गोळा लावून गिअरबॉक्स एकदा चढवून उतरवावा. गोळा किती चेपला हे पाहिले की उरलेले अंतर कळते. क्लच प्लेट निवडताना बाहेरचा व्यास इंजिनाच्या फ्लायव्हीलप्रमाणे आणि मधल्या स्प्लाइनचे दात गिअरबॉक्सच्या शाफ्टप्रमाणे घ्यावे लागतात. टी-९० ला दहा दातांचा शाफ्ट असतो. अशी प्लेट तयार मिळाली नाही तर क्लच दुरुस्तीवाले एका प्लेटचा मधला भाग दुसऱ्या प्लेटला रिव्हेटने बसवून देतात, आणि ते काम नीट केले असेल तर वर्षानुवर्षे टिकते.

दूधसागरवाट

मी कुळे येथे जीप चालवतो. दूधसागरच्या वाटेवर आम्ही रोज पाण्यातून गाड्या घालतो, त्यामुळे इंजिन बदलाकडे पाहण्याची आमची नजर थोडी निराळी आहे. डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग, कॉइल, डिस्ट्रिब्युटर यांतले काहीच नसल्यामुळे पाण्यात ते पेट्रोलपेक्षा निर्धास्त असते. फक्त हवा खेचण्याची जागा उंच ठेवावी लागते. मात्र कारखान्याच्या बेल हाउसिंगला खाली पाणी निथळण्याची सोय असते, ती ॲडॉप्टर प्लेट लावताना पुष्कळदा बुजवली जाते. मग आत शिरलेले पाणी आतच राहते, क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटते आणि सकाळी गाडी गिअरमध्ये टाकताच उडी मारते. आमच्याकडे एका गाडीत हे नेमके घडले होते.

धागाकर्त्यांना एक विचारायचे आहे. आमच्यातील काही जण डिफरन्शियलमधले ५.३८ गुणोत्तराचे क्राउन-पिनियन काढून ४.२७ चे बसवण्याचा विचार करत आहेत, म्हणजे मडगावपर्यंतच्या हमरस्त्यावर गाडी ओरडणार नाही. तुम्ही गिअरबॉक्स बदलल्यावर वेगात फरक पडला का?

कोयनाकाठ

घडीवकाम साहेब, मेणाच्या गोळ्याची युक्ती आमच्या टर्नरनीही केली होती, परंतु तिचे कारण मला आज आपल्या प्रतिसादातून समजले. मनापासून आभार.

दूधसागरवाट, वेगात काहीही फरक पडला नाही, आणि चार गिअर म्हणजे जास्त वेग असे समजणाऱ्या अनेकांसाठी त्याचे कारण सांगण्यासारखे आहे. टी-९० चा तिसरा आणि केएमटी-९० चा चौथा हे दोन्ही गिअर एकास एक आहेत. माझ्या जीपचे चाक एका फेरीत साधारण २.२३ मीटर जाते. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर ५.३८ च्या डिफरन्शियलवर सर्वांत वरच्या गिअरमध्ये वेग ताशी सुमारे ७५ किलोमीटर येतो. गिअरबॉक्स कोणताही असो, हा आकडा बदलत नाही. तुमच्या ४.२७ वर तोच वेग ताशी ९४ पर्यंत जाईल.

फरक पडला तो मधल्या पायऱ्यांत. टी-९० चे गिअर २.७९८, १.५५१ आणि १ असे आहेत. पहिल्यात इंजिन ३००० वर नेऊन दुसरा टाकला की फेरे थेट १६६३ वर येतात. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना ते १९३४ वर येतात, आणि दुसऱ्या गिअरची धाव ताशी अठ्ठेचाळीसच्या आसपास संपते. हरिकेनला अशा मोठ्या उड्या सहन व्हायच्या, कारण ते खालच्या फेऱ्यांवरही ओढायचे. डिझेलला घाटात दुसरा अपुरा आणि तिसरा भारी पडायचा. वडील अर्धा घाट दुसऱ्या गिअरच्या किंचाळण्यात चढायचे. चौथ्या गिअरने ती दरी बुजवली. शिवाय टी-९० च्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (गिअर टाकताना वेग आपोआप जुळवणारी रचना) नाही, त्यामुळे चालत्या गाडीत पहिला टाकायचा तर दोनदा क्लच दाबून मध्ये ॲक्सिलरेटर द्यावा लागायचा.

परंतु ४.२७ बसवण्यापूर्वी नदीच्या पात्रातला वेगही मोजून घ्या. लो रेंजमध्ये ट्रान्सफर २.४६ चा आहे. टी-९० चा पहिला गिअर धरला तर एकूण गुणोत्तर ५.३८ वर ३७ येते आणि इंजिनाच्या १००० फेऱ्यांना गाडी ताशी साडेतीन किलोमीटरच्या वेगाने, म्हणजे माणसाच्या सावकाश चालीने सरकते. ४.२७ वर एकूण गुणोत्तर २९ येईल आणि तोच वेग साडेचारच्या पुढे जाईल. गोट्यांवरून जाताना हा फरक क्लचला जाणवेल. तुमचे दिवसाचे बहुतेक काम पात्रातच असेल तर मी ५.३८ ला हात लावणार नाही. तरीही बदलायचे ठरलेच, तर पुढचे आणि मागचे दोन्ही डिफरन्शियल एकाच वेळी बदला. दोन्हींचे गुणोत्तर वेगळे ठेवून चारही चाके जोडली तर ट्रान्सफर फुटेल.

लकडीपूल

जीपमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स ज्या क्रमाने एकामागे एक येतात तोच क्रम जुन्या मोटारींतही आहे, म्हणून थोडा मोटारींचा अनुभव मांडते. माझ्या वडिलांच्या ॲम्बेसेडरमध्ये मूळचे १४८९ सीसीचे बीएमसी घराण्यातील इंजिन होते आणि गिअरची दांडी स्टिअरिंगच्या खांबावर होती. हिंदुस्थान मोटर्सने काँटेसात इसुझूचे १८१७ सीसीचे इंजिन आणि पाच गिअरचा बॉक्स दिला आणि १९९० च्या दशकात हाच संच ॲम्बेसेडरमध्येही आणला. कारखान्याने स्वतःच ही अदलाबदल केलेली असल्यामुळे जुन्या ॲम्बेसेडरमध्ये काँटेसाचा संच बसवणाऱ्यांचे काम सोपे झाले: फाउंडेशनचे ब्रॅकेट, क्रॉस मेंबर, रेडिएटर हे सर्व शोधले तर मिळायचे. आमच्या गाडीचे काम अठरा दिवस चालले, आणि त्यांतले अकरा दिवस प्रोपेलर शाफ्ट आणि दांडीच्या जागेत गेले.

पाच गिअरचा बॉक्स लांब असतो, म्हणून शाफ्ट आखूड करावा लागतो. शाफ्ट कापून पुन्हा वेल्डिंग करताना दोन्ही टोकांचे क्रॉस (वळते सांधे) एकाच रेषेत राहिले नाहीत, तर गाडी ताशी साठच्या पुढे थरथरू लागते. आमच्या बाबतीत तसेच झाले. शाफ्ट पुन्हा उघडून, टोके जुळवून आणि बॅलन्स करून घेतल्यावर थरथर गेली. दांडीसाठी मधला बोगदा कापावा लागला, आणि ते दुःख मला अजून आहे, कारण तो पत्रा पुन्हा मूळ स्थितीत आणता येत नाही. प्रीमियर पद्मिनीत ११८ एनईचे निस्सानचे ११७१ सीसीचे इंजिन आणि बॉक्स बसवणाऱ्यांनाही हाच निर्णय घ्यावा लागतो, कारण पद्मिनीचीही दांडी खांबावरच होती.

धागाकर्त्यांच्या जीपला हा प्रश्न आला होता का?

कोयनाकाठ

लकडीपूल ताई, दांडीचा प्रश्न आला नाही, कारण जीपची दांडी आधीपासूनच जमिनीवर होती. शाफ्टचा प्रश्न मात्र मोटारीपेक्षा कठीण निघाला. सीजे-३बी चा व्हीलबेस अवघा ८० इंच आहे आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट हातभर लांबीचा. नवा संच दोन इंच मागे गेला तरी शाफ्टचा उतार एवढा वाढतो की क्रॉस कोनात अडकू लागतो. म्हणून आमच्या टर्नरनी आधी ट्रान्सफर मूळ जागी टांगला, शाफ्ट जोडला आणि त्यावरून पुढे मोजत इंजिनाची जागा ठरवली. इंजिन पुढे सरकल्यामुळे पंखा रेडिएटरला लागण्याची भीती होती, तेव्हा रेडिएटर बोटभर पुढे घेतला. याचा क्रम उलटा केला असता, म्हणजे आधी इंजिन बसवून मागे जे होईल ते पाहू असे म्हटले असते, तर शाफ्ट कधीच जमला नसता. जीपच्या ट्रान्सफरचे मागचे तोंड मधोमध नसून उजव्या बाजूला असते. काढलेल्या संचातही ते त्याच बाजूला आहे हे उचलण्याआधीच पाहून घेतले होते.

काही किरकोळ गोष्टीही सांगतो, ज्या मला कोणी आधी सांगितल्या नव्हत्या. डिझेलला टाकीकडे परत जाणारी दुसरी नळी लागते. बॅटरी मोठी लागते. आमच्या जीपचे वायपर पेट्रोल इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालायचे; डिझेलमध्ये तसा व्हॅक्यूम तयारच होत नाही, त्यामुळे १९९३ च्या जूनमधल्या पहिल्याच पावसात वायपर जागच्या जागी उभे राहिले आणि वडिलांनी कराडपर्यंत काच हाताने पुसत गाडी आणली. दुसऱ्या दिवशी विजेवरचे वायपर बसवले. ज्यांच्या गाडीला ब्रेक बूस्टर आहे त्यांनी हा मुद्दा विशेष ध्यानात ठेवावा, कारण व्हॅक्यूम पंप लावल्याशिवाय बूस्टर निरुपयोगी असतो आणि तिथे प्रश्न वायपरचा नसून थांबण्याचा असतो.

नवखाचालक

माझ्याकडेही अशीच जुनी छोटी जीप आहे. तिच्यात बोलेरोचे टर्बो इंजिन आणि पाच गिअरचा बॉक्स बसवावा असे मित्र सुचवतात. कोणी असे केले आहे का?

घडीवकाम

दादा, बसवता येते आणि लोक बसवतातही. पण सीजे-३बी चे ब्रेक मूळचे नऊ इंची ड्रमचे आहेत आणि ते ज्या वेगासाठी केले होते तो वेग तुम्ही दुसऱ्याच दिवशी ओलांडाल. माझ्याकडे असे काम आले तर मी आधी पुढचे आणि मागचे ॲक्सल मोठ्या ब्रेकसह आणायला सांगतो, मग स्टिअरिंग बॉक्स आणि पाटे, आणि शेवटी इंजिन. बहुतेकांचा उत्साह ॲक्सलची किंमत ऐकून मावळतो, आणि मला त्याचे वाईट वाटत नाही.

सॅक्रामेंटोकर

मी कॅलिफोर्नियात राहतो आणि माझ्याकडे १९७२ चा शेव्हरोले पिकअप आहे. इथे ट्रक आणि मोटारींमधली अदलाबदल तुलनेने सुलभ आहे, कारण शेव्हरोलेच्या छोट्या व्ही-८ इंजिनाच्या मागच्या तोंडावरील बोल्टांची रचना १९५५ पासून अनेक दशके तीच राहिली. मोटारीचा बॉक्स ट्रकच्या इंजिनाला सरळ बसतो असे त्यामुळे सगळे म्हणतात. परंतु घडीवकाम यांनी सांगितलेला केंद्राचा मुद्दा इथेही लागू पडतो. ट्रकच्या बेल हाउसिंगमधील मोठे भोक ५.१२५ इंचांचे असते आणि मोटारीच्या हाउसिंगमधील ४.६८६ इंचांचे. मोटारीचा बॉक्स ट्रकच्या हाउसिंगला बोल्टने छान बसतो, पण त्याची कॉलर त्या भोकात मोकळी राहते आणि केंद्र केवळ बोल्टांच्या भरवशावर उरते. मध्ये एक कडी बसवावी लागते. ती कडी विसरलेला माणूस पुढे क्लचला दोष देतो.

माझ्या ट्रकमध्ये मूळचा एसएम-४६५ हा चार गिअरचा लोखंडी बॉक्स होता. त्याचा पहिला गिअर ६.५५ चा आहे, त्यामुळे रिकाम्या ट्रकमध्ये सगळेच दुसऱ्यावर उचलतात. तो काढून मोटारीचा बॉक्स बसवला तेव्हा रस्त्यावर आनंद झाला, पण पहिल्यांदा विटा भरल्या त्या दिवशी चढावर क्लच जळाल्याचा वास आला. महिन्याभरात जुना बॉक्स परत बसवला.

कागदांबाबत म्हणाल तर १९७५ आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना इथे धूर तपासणी नाही. त्यानंतरच्या गाडीत इंजिन बदलले तर ते गाडीच्याच सालाचे किंवा नंतरचे असावे लागते, त्याची प्रदूषणरोधक उपकरणे सर्वच्या सर्व बसवावी लागतात आणि शासनाने नेमलेला रेफरी ती तपासतो.

नोंदणीकक्ष

मी वाहन नोंदणीच्या कामात बरीच वर्षे घालवली आहेत, म्हणून धागाकर्त्यांच्या मूळ प्रश्नाकडे येतो.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ वाहनातील बदलांविषयी आहे. पूर्वी नोंदणी प्राधिकाऱ्यांची परवानगी घेऊन असे बदल करता येत असत आणि १९९३ ची आपली नोंद त्याच काळातील आहे. २००० च्या दुरुस्तीनंतर हे कलम कडक झाले. मूळ उत्पादकाने दिलेल्या तपशिलांपेक्षा नोंदणीपुस्तकातील तपशील वेगळे होतील असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात हीच भूमिका ठामपणे मांडली. त्याच मेकचे आणि त्याच प्रकारचे इंजिन परवानगीने बदलणे, किंवा मान्यताप्राप्त संच लावून इंधन बदलणे, या वेगळ्या गोष्टी आहेत. परवानगीशिवाय केलेल्या बदलासाठी २०१९ पासून कलम १८२-अ प्रमाणे मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. नवखाचालक यांनी बोलेरोच्या इंजिनाचा विचार करताना हे वाचावे. अपघात झाल्यास विमा कंपनी पहिल्यांदा इंजिनाचा क्रमांक नोंदणीपुस्तकाशी ताडून पाहते.

व्हिंटेज नोंदणीचे नियम जुलै २०२१ मध्ये आले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुने, खासगी वापराचे आणि मूळ स्वरूपात असलेले वाहन त्यात येते. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नसावा. अशा वाहनाच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात आणि नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये आहे. आपली जीप डिझेल इंजिनासह यात बसणार नाही. मूळ इंजिन आपल्याकडे असून त्याचा क्रमांक पहिल्या नोंदणीपुस्तकाशी जुळत असेल, तर आधी ते बसवून, बदलाची नोंद करून आणि तपासणी होऊन मगच अर्जाचा विचार होऊ शकेल. मात्र एक गोष्ट घरात सर्वांना स्पष्ट सांगा: व्हिंटेज नोंदणीनंतर गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, देखभाल अशा कारणांपुरतीच ती बाहेर काढता येते. वडिलांना त्या गाडीने शेतावर जायचे असेल, तर ही नोंदणी त्यांच्या कामाची नाही.

कोयनाकाठ

नोंदणीकक्ष साहेब, आपला प्रतिसाद मी वडिलांना आणि मुलाला एकत्र बसवून वाचून दाखवला. शेवटचा परिच्छेद ऐकल्यावर मुलाने स्वतःच व्हिंटेज नोंदणीचा आग्रह सोडला. शेतावर न जाणारी जीप आजोबांना चालणार नाही हे त्यालाही कळते.

परंतु वडिलांच्या मनात वेगळाच विचार सुरू झाला. मूळ इंजिनाचा क्रमांक त्यांनी जुन्या पुस्तकातून काढला आणि आम्ही खोलीत जाऊन ब्लॉकवरचा गंज ब्रशने काढून तो ताडून पाहिला. जुळला. त्यांचे म्हणणे असे की व्हिंटेज नको, पण गाडी जशी जन्मली तशी करून रीतसर पेट्रोल म्हणून नोंद करून घ्यावी. आता शेतावरचे फेरे आठवड्याला दोन, म्हणजे पेट्रोलच्या खर्चाची जुनी अडचण उरलेली नाही. प्यूजो इंजिन, केएमटी-९० आणि ट्रान्सफर हा संच न फोडता तसाच बाजूला ठेवायचा.

घडीवकाम साहेब, इतकी वर्षे पडून असलेले हरिकेन सुरू करण्यापूर्वी काय करावे?

घडीवकाम

स्टार्टर लावण्याची घाई करू नका. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे इंजिन ऑइल आणि डिझेल मिसळून सोडा आणि दोन दिवस तसेच राहू द्या. मग हँडल लावून हाताने फिरवा. अडले तर जोर करू नका, पुन्हा तेल सोडा. त्या इंजिनाचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असल्यामुळे ते गाइडमध्ये अडकून बसण्याची शक्यता असते. बाजूचे झाकण उघडून प्रत्येक व्हॉल्व्ह वर-खाली होतो का ते डोळ्यांनी पाहा. पायलट बुश नवे घाला. आणि मूळ बेल हाउसिंग मूळ इंजिनावर चढवल्यावर, ते कारखान्याचे आहे म्हणून गृहीत न धरता, डायल गेज लावाच. मधल्या काळात कोणी डॉवेल काढले असतील तर कळेल. मी पुढच्या रविवारी कराडला येणार आहे, गेज बरोबर आणतो.

कोयनाकाठ

घडीवकाम साहेब रविवारी आले होते. तीन दिवस तेलात मुरलेले इंजिन हँडलच्या दुसऱ्या प्रयत्नाला फिरले. एक एक्झॉस्ट व्हॉल्व्ह अडकलेला निघाला, तो रॉकेल घालून आणि हलक्या ठोक्यांनी मोकळा केला. बेल हाउसिंगचे दोन्ही डॉवेल जागेवर होते. गेज लावला, मुलाने पान्याने फ्लायव्हील फिरवले आणि वडील पूर्वीसारखेच शेजारी उभे राहून आकडे वाचू लागले. पूर्ण फेरीत काटा चार थाऊंच्या पुढे गेला नाही. वडिलांनी टी-९० वरचे पोते स्वतःच्या हाताने काढले आणि त्याचे झाकण उघडायला पाना मागितला.